पुस्तकातली पेशी आणि स्लाइडवरची पेशी: काय, कशात आणि कसं दाखवायचं?

पिंपळपान (धागाकर्ती)

मुलुंडला सोसायटीच्या हॉलमध्ये आठवी-नववीच्या २० मुलांना वनस्पतिपेशी आणि प्राणिपेशी प्रत्यक्ष दाखवायच्या आहेत. रविवार सकाळ, वेळ दोन-अडीच तास. दोन साधे विद्यार्थी-सूक्ष्मदर्शी आहेत: आयपीस (डोळ्याकडचं भिंग) १०एक्स, ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची भिंगं) ४, १० आणि ४०.

अडचण अशी की पुस्तकातल्या आकृतीत हरितलवक (हिरवे कण), तंतुकणिका (ऊर्जा काढणारे भाग), गॉल्गी संकुल, मोठी रिक्तिका (रसाने भरलेली पोकळी) सगळं एकाच पेशीत, छान रंगवलेलं. कांद्याच्या पापुद्र्यात मात्र भिंत दिसते, केंद्रक दिसतं आणि बाकी मोकळं. "हिरवं कुठे आहे?" हा पहिला प्रश्न येणार, आणि तो बरोबरच आहे. त्यामुळे विचारते:

कोणता भाग कोणत्या नमुन्यात खरोखर दिसतो? स्लाइड रंगवायला रंगद्रव्यं कोणती, किती तीव्रतेची? आणि थर्माकोलशिवाय प्रतिकृती कशी करावी? २०१८पासून थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात बंदी आहे, आणि मुलांच्या प्रकल्पात तो नसलेलाच बरा.

---

काचपट्टी

पिंपळपान, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आकृतीतच दडलंय. पुस्तकातली 'वनस्पतिपेशी' नावाची पेशी कुठल्याच झाडात सापडत नाही. पानातली पेशी, कंदातली पेशी, मुळाच्या टोकाची पेशी अशा अनेकींचे भाग एकत्र करून काढलेला तो नकाशा आहे. नकाशा म्हणून उत्तम, पण मुलांना तो फोटो वाटतो. म्हणून एका स्लाइडवर सगळं शोधू नका. जो भाग जिथे ठळक असतो तिथे तो दाखवा:

पेशीभित्तिका (पेशीची भिंत) आणि केंद्रक कांद्यात. हरितलवक हायड्रिलात. रिक्तिका आणि प्रद्रव्यपटल (भिंतीच्या आतलं पातळ आवरण) ऱ्हिओच्या पानात. स्टार्चचे कण बटाट्यात. वर्णलवक (लाल-नारिंगी कण) लाल ढोबळ्या मिरचीत. आणि भिंतच नसलेली पेशी गालाच्या आतल्या अस्तरात.

कांदा जमिनीत वाढतो, त्याच्या पाकळ्यांना ऊन लागत नाही, म्हणून तिथे हरितलवक नाहीत. त्याच कांद्याची पात मात्र हिरवीगार. कांदा आणि पात शेजारी ठेवलीत तर "हिरवं कुठे आहे?" याचं उत्तर मुलंच देतील.

आता कांद्याची स्लाइड. सगळ्यात जास्त बिघडते तीच, कारण सोपी म्हणून कोणी नीट करत नाही.

कांदा उभा चार भागांत चिरा. बाहेरच्या दोन पाकळ्या सोडून तिसरी घ्या. पाकळीची आतली, खोलगट बाजू वर धरून ती मोडा म्हणजे कडेला पारदर्शक पापुद्रा सुटतो. चिमट्याने तो अलगद ओढा आणि लगेच वाटीतल्या पाण्यात टाका. हवेत राहिला की गुंडाळी होते, ती मग उलगडत नाही. पाण्यातच कात्रीने ५ मिमी बाय ५ मिमी तुकडा कापा. सगळे मोठा तुकडा घेतात, आणि मोठ्या तुकड्याला घडी पडतेच.

स्लाइडवर पाण्याचा एक थेंब, त्यात ब्रशने तुकडा पसरवा. जास्तीचं पाणी टिपकागदाने टिपा, आयोडीनचा एक थेंब टाका, दोन मिनिटं थांबा, ते टिपून ग्लिसरीनचा एक थेंब द्या. कव्हरस्लिपची (वर ठेवायच्या पातळ काचेची) एक कड थेंबाला ४५ अंशांत टेकवायची आणि सुईच्या आधाराने सावकाश खाली न्यायची. वरून सोडलीत तर बुडबुडे आलेच.

---

शिवडीचा_रोहित

बुडबुड्याबद्दल भर घालतो, कारण मुलं हमखास त्यालाच 'पेशी' म्हणून काढतात. बुडबुडा पूर्ण गोल असतो, कड जाड आणि काळी, मध्य लख्ख रिकामा. फोकसचं बटण किंचित फिरवलं की कडेची जाडी कमी-जास्त होते. केंद्रकाला अशी काळी कड नसते, ते आयोडीनने पिवळसर-तपकिरी होतं आणि आत दाणेदार दिसतं. ४०च्या ऑब्जेक्टिव्हखाली त्यात एक-दोन गडद ठिपकेही दिसतात, त्या केंद्रकी.

अजून एक. कांद्याच्या पेशीत केंद्रक बहुतेकदा कडेला चिकटलेलं असतं, कारण मधली जागा रिक्तिकेने व्यापलेली असते. पूर्ण वाढलेल्या वनस्पतिपेशीत रिक्तिका आकारमानाच्या ९० टक्क्यांपर्यंत जाते. पेशीद्रव्याचा भिंतीलगत एक पातळ थर उरतो आणि केंद्रक त्या थरात असतं. काही पेशींत ते मधोमध दिसतं, पण तिथेही ते वरच्या किंवा खालच्या भिंतीला टेकलेलं असतं, आपण वरून बघतो म्हणून मधे भासतं. मुलांना हे हाताने दाखवा: रिकामा आयताकृती डबा, वरच्या झाकणाला आतून लाडू चिकटवलेला. वरून पाहिलं तर मधोमध, बाजूने पाहिलं तर कडेला.

---

रसायनवाला

आयोडीनचं प्रमाण: पोटॅशियम आयोडाइड २ ग्रॅम थोड्या पाण्यात आधी पूर्ण विरघळवा, मग त्यात आयोडीन १ ग्रॅम, मग पाणी घालून १०० मिली करा. क्रम उलटा केलात तर आयोडीन तळाशी तसंच बसतं, नुसत्या पाण्यात ते जेमतेम विरघळतं. गडद बाटलीत ठेवा. वापरताना एक भाग द्रावण, तीन ते चार भाग पाणी. हे सगळं प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत मिळतं. तयार द्रावणच मागितलंत तर तोलण्याची कटकट नाही.

माझं मत विचाराल तर कांद्याला सॅफ्रानिन बरं. १ टक्का सॅफ्रानिन, एक थेंब, अर्धं मिनिट, मग दोनदा पाण्याने धुवायचं. केंद्रक लालबुंद होतं, भिंतही रंगते. लहान मुलांना आयोडीनचा फिका पिवळा रंग पटकन कळत नाही.

---

काचपट्टी

सॅफ्रानिन सुंदर दिसतं, पण धुणं कमी पडलं तर अख्खा पापुद्रा गुलाबी होतो आणि केंद्रक त्यात हरवतं. २० मुलांच्या हातात आयोडीनच ठीक. शिवाय तेच बटाट्यालाही लागणार आहे.

घाईत काहीच मिळालं नाही तर औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन, म्हणजे बीटाडीन वगैरे, एक भाग घेऊन पाच भाग पाण्यात चालतं. मलम नको, द्रावण घ्या.

---

पार्ल्याची_बाई

गालाच्या पेशी. इथे स्वच्छतेचा भाग आधी सांगते, तो कोणी लिहीत नाही. प्रत्येक मुलाने स्वतःच्याच तोंडातला नमुना घ्यायचा, स्वतःचीच स्लाइड हाताळायची. वापरलेली काडी, स्लाइड, कव्हरस्लिप सगळं ब्लीचच्या भांड्यात. घरगुती ब्लीच साधारण ४ ते ५ टक्क्यांचं असतं, त्याचा एक भाग आणि पाणी चार भाग. अर्धा तास बुडवून मग टाका किंवा धुवा. कुणाचंही बोट टोचून रक्त घ्यायचं नाही. त्यात धोका आहेच, शिवाय माणसाच्या लाल रक्तपेशीत केंद्रकच नसतं, त्यामुळे 'प्राणिपेशीची रचना' दाखवायला तो नमुना चुकीचा.

आधी चूळ भरायला लावा, नाहीतर नाश्त्याच्या पोह्यांचे कण दिसतील. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने गालाच्या आतून हलकेच पाच-सहा वेळा फिरवा. स्लाइडवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब (१०० मिली पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ), त्यात काडी फिरवा. थेंब जरासा गढूळ दिसला की पुरे. मग मेथिलीन ब्लू ०.१ टक्का, एक थेंब, दोन मिनिटं, कव्हरस्लिप, कडेने टिपकागद.

काय दिसतं: चपट्या, वेड्यावाकड्या कडांच्या, फिक्या निळ्या चकत्या आणि प्रत्येकीत एक गडद निळं केंद्रक. काहींची कड दुमडलेली असते. ती दुमडलेली कड मुलांना आवर्जून दाखवा. कांद्याच्या पेशीची भिंत अशी कधी दुमडत नाही. भिंत आणि नुसतं पटल यातला फरक त्या एका कडेत दिसतो.

---

बीजांकुर

बाईंनी लिहिलंय त्याला एक जोड. ४०खाली त्या चकत्यांवर बारीक निळे ठिपके आणि काड्या दिसतील, कधी जोडीने, कधी साखळीत. मुलं (आणि बरेच मोठेही) त्यांना तंतुकणिका म्हणून मोकळे होतात. ते तोंडातले जिवाणू, पेशीच्या पृष्ठभागावर बसलेले, साधारण १ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ओळखायची खूण: पेशीच्या बाहेर, मोकळ्या जागेतही तसेच ठिपके असतात. तंतुकणिका पेशीबाहेर पोहत नसतात.

तंतुकणिका या सूक्ष्मदर्शीत दाखवायच्या भानगडीत पडू नका. अर्धा ते एक मायक्रॉन जाडीच्या असतात, आकाराने दिसण्याजोग्या, पण रंगहीन असल्यामुळे आजूबाजूच्या द्रव्यात मिसळून जातात. त्यांच्यासाठी जेनस ग्रीन बी हे वेगळं रंगद्रव्य, जिवंत पेशी आणि १००चं तेलाचं ऑब्जेक्टिव्ह लागतं. रायबोसोम (प्रथिनं बनवणारे कण) तर २० ते २५ नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनच्या हजाराव्या भागात मोजायचे. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शीची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे कितीही भिंगं लावली तरी ते दिसणार नाहीत.

शोध कोणत्या क्रमाने लागले तेही याच कारणाने ठरलं. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचात पाहिले ते मेलेल्या पेशींचे रिकामे कप्पे, म्हणजे नुसत्या भिंती. केंद्रकाला नाव दिलं रॉबर्ट ब्राऊनने, १८३१ साली. गॉल्गीने आपलं संकुल १८९८ साली चांदीच्या क्षारांनी रंगवून पाहिलं. रायबोसोम १९५०च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी आल्यावर. जे ठळक ते आधी सापडलं. तुमच्या हॉलमधल्या सूक्ष्मदर्शीत १८३१पर्यंतचं सगळं दिसेल, पुढचं चित्रावरून सांगायचं. मुलांना हे असं स्पष्ट सांगितलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटत नाही.

---

पिंपळपान

जिवाणूंचं वाचून चपापले. मीही तो ठिपका तंतुकणिका म्हणूनच दाखवला असता. खूप आभार.

हायड्रिला कुठे मिळेल आणि ऱ्हिओ म्हणजे नेमकं कोणतं झाड?

---

शिवडीचा_रोहित

हायड्रिला मत्स्यालयाच्या दुकानात. कुर्ल्याला अशी दुकानं बरीच आहेत. काचेच्या टाकीत सोडायची हिरवी वेल म्हणून मागा आणि टाकीतलंच पाणी बरोबर आणा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते वापरायचंच असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग घ्या.

फांदीच्या टोकाजवळचं कोवळं पान चिमट्याने तोडायचं आणि पाण्याच्या थेंबात अख्खंच ठेवायचं. कापायची, सोलायची गरज नाही, पान पेशींच्या दोनच थरांचं असतं. रंगद्रव्य अजिबात नको. आयोडीन टाकलंत तर पेशी मेली, आणि मग खरी गंमत गेली. बघण्याआधी फांदी दहा-पंधरा मिनिटं टेबललॅम्पच्या उजेडात ठेवा. मग मधल्या शिरेजवळच्या लांबट पेशींवर ४०चं ऑब्जेक्टिव्ह स्थिर करा आणि अर्धं मिनिट नुसतं बघत राहा. हिरवे कण भिंतीलगत एकामागून एक सरकू लागतात, कोपऱ्यावर वळतात, दुसऱ्या बाजूने परत येतात. हरितलवक स्वतः पोहत नाहीत, पेशीद्रव्याचा प्रवाह त्यांना वाहून नेतो. मधे जिथे एकही कण जात नाही ती रिक्तिका.

हालचाल दिसली नाही तर तीन कारणं शक्य: पान जून आहे, पाणी फार गार आहे, किंवा सूक्ष्मदर्शीच्या पिवळ्या बल्बने स्लाइड तापून पेशी मेल्या आहेत. शेवटचं असेल तर पान बदला आणि मधेमधे बल्ब बंद करा.

---

पार्ल्याची_बाई

ऱ्हिओ म्हणजे बागेच्या कडेला लावतात ती लांब, तलवारीसारख्या पानांची झुडपं: पान वरून हिरवं, खालून जांभळं. मुंबईत सोसायट्यांच्या कुंड्यांत, रस्त्याच्या दुभाजकांवर सगळीकडे असतं. पान तोडल्यावर हात धुवायला सांगा, रसाने काहींच्या कातडीला खाज सुटते.

पान तिरकं फाडलं की जांभळ्या बाजूचा पातळ पापुद्रा कडेला लोंबतो. तेवढाच घ्या, साध्या पाण्यात ठेवा. १०खाली मधमाशीच्या पोळ्यासारख्या गुलाबी-जांभळ्या पेशी दिसतात. तो रंग रिक्तिकेतल्या रसाचा आहे, म्हणजे रिक्तिका आयती रंगवून मिळते. अधूनमधून जांभळा रंग नसलेल्या, हिरवे कण असलेल्या पेशींच्या जोड्या दिसतील, त्या पर्णरंध्राच्या (पानावरच्या सूक्ष्म छिद्राच्या) रक्षकपेशी.

आता ५ टक्के मिठाचं पाणी करा: १०० मिलीत ५ ग्रॅम, सपाट छोटा चमचा जरा कमी. कव्हरस्लिपच्या एका कडेला दोन थेंब सोडा, समोरच्या कडेला टिपकागद टेकवा म्हणजे द्रावण आत ओढलं जातं. डोळा आयपीसवरून हलवू नका. दोन-तीन मिनिटांत गुलाबी रंग कोपऱ्यांतून सुटतो, मग कडांपासून, आणि शेवटी पेशीच्या मधोमध गडद गोळा उरतो. भिंत मात्र जागच्या जागी, षटकोन जसाच्या तसा. सुटून आत गेली ती प्रद्रव्यपटलाची कड. एरवी हे पटल भिंतीला इतकं घट्ट चिकटून असतं की 'वनस्पतिपेशीला पटलही असतं' हे मुलांना पटतच नाही.

लगेच साधं पाणी त्याच पद्धतीने ओढून घेतलं तर गोळा पुन्हा पसरतो. उशीर केलात, किंवा मीठ १५-२० टक्के केलंत, तर पेशी मरते, रंग बाहेर गळतो आणि परत काही येत नाही. म्हणून ५ टक्के आणि पाच मिनिटं, जास्त नाही.

---

रसायनवाला

ऱ्हिओ नसेल तर लाल कांद्याच्या पाकळीचा *बाहेरचा* जांभळा पापुद्रा घ्या. तो आतल्यासारखा सहज सुटत नाही, ब्लेडने हलकी चौकट आखून चिमट्याने ओढावा लागतो. पेशी जरा बुटक्या, रंग फिका, पण काम होतं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्यावर हा प्रयोग जमणार नाही, तिथे रिक्तिकेत रंगच नाही.

आणि सूक्ष्मदर्शी न वापरताही हेच दाखवा. काकडी चोचवून दोन वाट्यांत, एकीत मीठ. दहा मिनिटांत मिठाच्या वाटीत पाणी सुटतं आणि काकडी मऊ पडते. कोमेजलेली कोथिंबीर पाण्यात उभी ठेवली की ताठ होते, ती याची उलट बाजू: रिक्तिका भरली, पटल भिंतीवर दाबलं गेलं.

---

बीजांकुर

बटाटा आणि मिरची थोडक्यात.

बटाट्याची चकती करू नका, जाड होते. कापलेल्या बाजूवर सुई घासा, येणारा पांढरट रस पाण्याच्या थेंबात मिसळा. आधी आयोडीनशिवाय बघा: अंडाकृती कण, आत शिंपल्यासारखी वलयं, आणि वलयांचा केंद्रबिंदू मधे नसून एका टोकाकडे. मग आयोडीन अगदी फिकं करून, जेमतेम पिवळं. तीव्र असेल तर कण काळे ठिक्कर होतात आणि वलयं झाकली जातात. हे कण अवर्णी (रंगहीन) लवकांत साठलेलं स्टार्च. तुलनेसाठी कच्चं केळं आणि पूर्ण पिकलेलं केळं घ्या. कच्च्यात निळे-काळे कण खच्चून, पिकल्यावर विरळ, कारण स्टार्चची साखर झाली.

लाल ढोबळ्या मिरचीची साल आतून खरवडून पातळ करा, पाण्यात ठेवा, रंगद्रव्य नको. नारिंगी-लाल बारीक कण दिसतात, ते वर्णलवक. त्याच मिरचीच्या कच्च्या, हिरव्या फळात हेच लवक हरितलवक असतात. लवक एकच, काम बदललं.

यासोबत काही वाक्यं मुलांच्या वह्यांत हमखास असतात आणि ती खोडायला हवीत.

"वनस्पतिपेशीत हरितलवक असतात म्हणून तंतुकणिका नसतात." चूक. हरितलवक अन्न बनवतात, त्या अन्नातून ऊर्जा तंतुकणिकाच काढतात, आणि रात्री तर सगळी भिस्त त्यांच्यावर. "प्राणिपेशीत रिक्तिका नसते." असते, पण लहान आणि बहुधा तात्पुरती. "भिंत असते म्हणून पदार्थांवर नियंत्रण भिंतीचं." नाही. सेल्युलोजची भिंत पाणी आणि विरघळलेले लहान रेणू सहज आत सोडते, निवड करतं ते पटल. शिवाय भिंतीतून शेजारच्या पेशीत जाणारे बारीक धागे असतात, प्लाझ्मोडेस्माटा, त्यामुळे झाडातल्या पेशी एकमेकींपासून तितक्या तुटलेल्या नसतात जितक्या आकृतीत वाटतात. आणि "तारककाय (पेशीविभाजनात भाग घेणारा भाग) फक्त प्राण्यांत" हे शाळेपुरतं ठीक, पण नेच्यांच्या आणि सायकस या झाडाच्या पोहणाऱ्या पुंयुग्मकांत (नर-पेशींत) तारककायातली तारककेंद्रं असतात.

---

पिंपळपान

अंड्याचा प्रयोगही करायचा विचार होता. व्हिनेगरमध्ये टरफल विरघळवून मग 'हे पेशीचं पटल' असं. चालेल?

---

पार्ल्याची_बाई

प्रयोग चालेल, वाक्य चालणार नाही. टरफलाखालचा तो पापुद्रा प्रथिनांच्या तंतूंचा विणलेला असतो, पेशीचं पटल नव्हे. कोंबडीच्या अंड्यातली पेशी म्हणजे फक्त पिवळा बलक. पांढरा भाग, पापुद्रा, टरफल ही सगळी तिच्याभोवतीची वेष्टनं. अंडं साखरेच्या घट्ट पाकात आक्रसतं आणि पाण्यात फुगतं हे खरं, परासरण (पटलातून होणारी पाण्याची ये-जा) दाखवायला उत्तम. बलक वेगळ्या बशीत काढून "ही एकच पेशी, डोळ्यांनी दिसणारी" हेही दाखवा. फक्त दोन्हींची गल्लत नको.

---

काचपट्टी

मोजमाप विसरू नका, नाहीतर मुलांच्या डोक्यात कांद्याची पेशी आणि गालाची पेशी एकाच मापाच्या राहतात. ४च्या ऑब्जेक्टिव्हखाली पारदर्शक पट्टी ठेवून दृष्टिक्षेत्राचा व्यास किती मिमी ते मोजा. साध्या आयपीसला साधारण ४.५ मिमी भरतो. मग १०खाली १.८ मिमी, ४०खाली ०.४५ मिमी. नुसता भागाकार.

१०खाली कांद्याच्या पेशी लांबीला लांबी लावून सहा बसल्या तर १८०० भागिले ६, म्हणजे ३०० मायक्रॉन. ४०खाली गालाच्या सात-आठ पेशी शेजारी शेजारी मावतील, म्हणजे ४५० भागिले ७.५, सुमारे ६० मायक्रॉन. नववीतली जी मुलं होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला बसतात त्यांना हा भागाकार प्रात्यक्षिकात कामी येतो.

४०चं ऑब्जेक्टिव्ह आणताना डोळा आयपीसला नको, बाजूने बघत फिरवा. ते स्लाइडपासून अर्ध्या मिमीवर असतं. मोठं बटण ४०वर असताना हलवायचंच नाही, फक्त लहान. कव्हरस्लिप फुटल्या की पहिला संशय इथेच घ्या.

---

रसायनवाला

प्रतिकृतीसाठी एक सोपं प्रमाण: दहा हजार पट. मग १ मायक्रॉन म्हणजे बरोबर १ सेंटिमीटर, मुलं मनातल्या मनात हिशेब करतात.

गालाची पेशी ६० सेंमीची. जुनं पोस्टर उलटं करून त्यावर कापा. केंद्रक ८ ते १० सेंमी, मोठ्या लिंबाहून जरा मोठा कागदी लगद्याचा गोळा. तंतुकणिका अर्धा-एक सेंमी जाड, दोन-तीन सेंमी लांब, म्हणजे राजम्याचे दाणे. रायबोसोम पाव मिमी: खसखसही मोठी पडते, बारीक रवा भुरभुरवा. प्रद्रव्यपटल पाऊण दशांश मिमी, म्हणजे पातळ कागदाएवढं. हरितलवक ५ सेंमीचा पेढा. लाल रक्तपेशी साडेसात सेंमीची पुरी, मधे दाबलेली. आणि कांद्याची एक पेशी? तीन मीटर. ती हॉलच्या फरशीवर खडूनेच आखा, गालाची पेशी तिच्यात ठेवा. शेजारी ठेवल्यावर जो फरक कळतो तो आकड्यांनी कळत नाही.

केंद्रकाजवळ एक चिठ्ठी लावा: माणसाच्या एका पेशीतल्या डीएनएची एकूण लांबी सुमारे २ मीटर. आपल्या प्रमाणात २० किलोमीटर, सीएसएमटीपासून साधारण घाटकोपरपर्यंतचा धागा, केसाहून बारीक, आणि तो त्या गोळ्यात मावलेला.

जेलीची पेशी करायची असेल तर जिलेटिन नको, आपल्या उकाड्यात ते तासाभरात सैल पडतं. चायना ग्रास म्हणजे आगर-आगर वापरा, १ लिटर पाण्याला १० ग्रॅम, चांगलं उकळून. एकदा जमलं की उन्हातही वितळत नाही.

---

पिंपळपान

तीन मीटरची पेशी फरशीवर! नक्की करणार. २० मुलं आणि दोनच सूक्ष्मदर्शी, हे कसं बसवावं?

---

काचपट्टी

एका सूक्ष्मदर्शीवर तुम्ही आधी लावून ठेवलेलं दृश्य: पहिला तास हायड्रिला, दुसरा तास ऱ्हिओ. तो कोणी हलवायचा नाही. दुसऱ्यावर मुलांच्या स्वतःच्या स्लाइड. पाच-पाच जणांचे चार गट: एक सूक्ष्मदर्शींपाशी, एक स्लाइड करण्यात, एक काकडी-अंड्यापाशी, एक फरशीवरच्या पेशीपाशी. दर २५ मिनिटांनी बदला. बघितलेलं पेन्सिलीने काढायला लावा, पुस्तक बंद ठेवून. दिसलं तेवढंच काढायचं आणि ज्याला नाव देता येईल त्यालाच नाव द्यायचं. कांद्याच्या चित्रात कोणी हरितलवक काढले तर त्याने पुस्तक आठवून काढलंय, हे लगेच कळतं.

चांगली जमलेली कांद्याची स्लाइड ठेवायची असेल तर ग्लिसरीनमध्येच ठेवा, कडा कोरड्या करून चारही बाजूंनी पारदर्शक नेलपॉलिश लावा. काही आठवडे टिकते.

---

शिवडीचा_रोहित

आणि काम झाल्यावर सूक्ष्मदर्शी कपाटात तसाच ठेवू नका. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. त्या धाग्यांनी काच एकदा खाल्ली की पुसून जात नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुरचुंडी टाका. निळे मणी गुलाबी झाले की त्यांनी ओल धरली, ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवून परत निळे करा. मेथिलीन ब्लू लागलेला ४०चा ऑब्जेक्टिव्ह लेन्सपेपरने त्याच दिवशी पुसा, रुमालाने नाही.